देवूचा चिरा

ती बॅटरी विझव रे मारुती. माझ्या तोंडावर उजेड मारून काय बघतोस, सुरकुत्या? अन् कोपऱ्यात जो खिदळतोय त्याला आत्ताच सांगतो, जायचं असेल तर आधी जाऊन ये. अर्धी गोष्ट ऐकून एकटाच परसाकडं गेलास अन् बोबडी वळली, तर तुझ्या आईला मी तोंड देणार नाही.

उद्या म्हणाल, पुंजारामकाका थापा मारतो. मारत असेन. पण ही थाप नाही. दोन वर्षं झाली फक्त. ज्याच्यावर बेतली तो नागोराव मुकादम इथंच सरावलीत, ह्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहायचा. आमच्या परभणीकडचाच गडी. उंचापुरा, अन् आवाज असा की त्यानं नुसतं "ए" म्हटलं तरी बिगारी घमेलं उचलायचे. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा आम्ही एकाच गाडीनं आलो. पुढं त्याला एक मुंबईचा शेठ भेटला अन् तो त्याच्या बंगल्याच्या कामावर गेला.

सदुसष्ट साल. नऊ मे, मंगळवार, चैत्री अमावास्या. नागोराव संध्याकाळी घरी आला, हातपाय धुतले अन् बायकोला, झुंबरला म्हणाला, "भाकरी फडक्यात बांधून दे. आज मला हौदावरच राहावं लागंल."

"आज? अवसेला?"

"तो राखणदार सुका रात्री थांबायला नाही म्हणतो. मग पाणी कोण मारंल, तुहा बाप?"

झुंबरनं भाकरी, ठेचा, कांदा बांधून दिला. त्यानं रॉकेलची बाटली सायकलच्या हँडलला अडकवली अन् पाम गावच्या रस्त्याला लागला. रोजच्यासारखाच, शीळ घालत.

आता हा हौद कसला, ते सांगतो. शेठचा बंगला पामच्या पलीकडं, समुद्राच्या अंगाला, सुरूच्या बनात. शेजारी एवढा समुद्र पसरलेला, पण शेठला पोहायला पाणी घरात पाहिजे! असतात एकेकाचे शौक. जमिनीत खोल खड्डा, त्यात सळया बांधून काँक्रीटचा हौद, अन् हौदाभोवती बोटीवर असतो तसा लाकडी फळ्यांचा ओटा. शेठ त्याला डेक म्हणायचा. पाहुणे तिथं खुर्च्या टाकून सरबत पिणार होते. अन् हे सगळं पावसाच्या आत पाहिजे.

तिकडची जमीन रेताड. खड्डा खणला की बाजू ढासळतात, म्हणून कडेनं जाड फळ्या लावून, टेकू देऊन त्या थोपवून धरायच्या. नागोरावाला हे पक्कं ठाऊक होतं. पण डेकचं लाकूड यायला उशीर झाला, अन् शेठ तर रोज "डेक कधी, डेक कधी" म्हणून मानगुटीवर. तेव्हा नागोरावानं खड्ड्याच्या एका अंगाच्या फळ्या काढल्या अन् डेकच्या सांगाड्याला ठोकल्या. खाली देवू खणत होता. डोंगराकडचा वारली पोरगा, नुकतं लग्न झालेला. त्याची बायको जिवली वर पाट्या उचलत होती. ती बाजू एकदम खाली आली. देवूला उकरून काढला तेव्हा सगळं संपलं होतं.

पोलीस आला. नागोराव म्हणाला, "दारू प्यायला होता, साहेब. झोक गेला अन् पडला. वर रेती आली." जिवली समोर उभी होती, पण तिला कुणी विचारलंच नाही. देवू दारुडा ठरला अन् काम पुन्हा सुरू झालं.

डोंगराकडच्या लोकांत असा अवचित मेलेल्याचा चिरा बसवतात. काळ्या दगडाची शिळा, तिच्यावर चंद्र, सूर्य अन् एक घोडेस्वार कोरलेला. भगत येतो, मंत्र म्हणतो अन् मेलेल्याला त्या दगडात बसवतो. मग तो भटकत नाही, घरच्यांवर नजर ठेवून राहतो. जिवलीनं देवूचा चिरा खड्ड्याच्या कडेला, एका सुरूच्या बुंध्याशी बसवला. पोट कुणाला चुकलंय, ती कामाला तिथंच यायची. आली की आधी चिऱ्यापुढं भाताची चार शितं ठेवायची, मगच पाटी उचलायची.

मग हौदाचा तळ भरायचा दिवस आला. ते काम एकदा सुरू केलं की थांबवता येत नाही. माल थांबला की सांधा राहतो, अन् सांधा राहिला की हौद जन्मभर गळतो. नेमकी दुपारी खडी कमी पडली. खडीचा ट्रक वाटेत बंद पडलेला. इकडची तिकडची सगळी गोळा करून टाकली, तरी एक कोपरा राहिलाच. नागोराव चहूकडं बघू लागला. त्याची नजर चिऱ्यावर गेली.

सुका म्हणाला, "मुकादम, त्याला हात नका लावू. तिथं मानूस हाय."

"माणूस खड्ड्यात मेला. हा दगड आहे."

कुणी घण उचलेना. मग त्यानंच उचलला. बघता बघता चिऱ्याची खडी झाली, सिमेंटात कालवली गेली अन् हौदाच्या तळात पडली. वरून थापीही त्यानंच फिरवली.

जिवली पाणी आणायला गेली होती. परत आली, बुंध्याशी पडलेल्या कपच्या पाहिल्या. आता ही छाती बडवून घेणार, असं सगळ्यांना वाटलं. ती सरळ नागोरावापुढं येऊन उभी राहिली.

"मुकादम, आता माजा देवू कुठं बसंल?"

नागोराव हातातली थापी पुसत राहिला.

"दुसरा चिरा तुज्या हातानं बसव. आन चार मानसांत सांग, देवू दारू प्यायला नवता, फल्या तू काडल्यास. अवसेच्या आत कर. मंग मी तुला काय बोलनार नाय."

"अन् नाही केलं तर?"

"तर मी त्याला सांगन, तुजी जागा तूच बघ."

नागोराव हसला. हसला खरा, पण मनात चरचरलं. खरं बोलावं तर बेड्या पडतील, अन् घरी पोरगं अजून रांगतंय. उद्या बघू, परवा बघू, असं करत त्यानं दिवस ढकलले. अन् अवस उजाडली.

तर त्या रात्री तो हौदावर पोचला.

बंगल्यात चिटपाखरू नव्हतं. त्यानं कंदील पेटवून डेकच्या खांबाला टांगला. नवीन तळावर घोटाभर पाणी साठवून ठेवावं लागतं. काँक्रीट ते पिऊन टाकतं, की पुन्हा भरायचं. त्यानं विहिरीवरून बादल्या आणून ओतल्या. अवसेचं उधाण होतं. भरतीचा आवाज सुरूच्या बनात घुमत होता. बाराचा सुमार झाला असेल. अंग घामानं निथळलं, पोटात कावळे ओरडायला लागले. हौदात उतरायला काँक्रीटच्या पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर त्यानं भाकरीचं फडकं ठेवलं अन् शेजारीच बसला.

अन् ताडकन उठला.

पायरी नव्हती ती. मांडी होती.

गार. ओली. माणसाची मांडी.

कंदील काढून आणला. पायरीच होती. हात फिरवला, खरखरीत काँक्रीट. नागोरावानं स्वतःलाच एक शिवी हासडली अन् खालच्या पायरीवर बसला.

मांडी.

वर आला. डेकच्या फळीवर टेकला...

मांडी.

घमेलं पालथं घातलं. हळूच, जपून त्यावर बसला... ह्या खेपेला ती मांडी जरा हलली. त्याला नीट सावरून घेतलं. लहान पोराला घेतात तसं.

कसा ओरडला असेल बिचारा! ऐकायला कोण होतं? जिथं टेकावं तिथं कुणीतरी आधीच बसलेलं. तो डेकच्या मधोमध उभा राहिला. अंधाराकडं तोंड करून बोंबलला, "देवू! तू दारू प्यायला नव्हतास! फळ्या मी काढल्या! ऐकलंस का... मी काढल्या रे..."

समुद्राचा आवाज थांबला.

एकदम.

सुरूची काडी हलेना.

अन् मग अगदी कानाशी... हळू... कामावर देवू जसा अदबीनं बोलायचा, तस्सं...

"बसा ना, मुकादम."

...

सायकल तिथंच राहिली. होती तरी उपयोग काय, सीटवर बसणार कसा? पळत सुटला. रात्रभर कुठं कुठं धडपडला, त्याचं त्यालाही सांगता आलं नाही. उजाडताना जिवलीच्या झोपडीपुढं येऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. सुकाला हाक मारली, पाड्यावरची माणसं जमवली अन् सगळ्यांदेखत ओकला सगळं. फळ्या, दारू, चिरा. नवा चिरा बसवतो म्हणाला, पोलिसाला सांगतो म्हणाला.

जिवली चुलीत लाकूड सारत होती. तिनं मान वर केली.

"अवस गेली, मुकादम. तवा बोलला असतास, तर माजा मानूस दगडात सुखानं बसला असता. आता त्याला जागा गावली. मी कशाला उठवू त्याला?" पुन्हा चुलीकडं वळून म्हणाली, "आन मला बरं वाटतंय. खोटं नाय बोलनार."

नवा चिरा बसवलाही त्यानं. भगत आला, सगळं केलं. अन् जाताना हळूच म्हणाला, दगड रिकामाच हाय.

त्यानंतर नागोराव बसला नाही. बसूच शकला नाही. खाट, ओटा, जमीन, कुठंही नाही. आडवा झाला तर पाठीखाली कुणाची तरी छाती, वरखाली होणारी. भिंतीला कपाळ टेकून उभ्यानंच डुलकी घ्यायचा. पडू नये म्हणून झुंबर त्याला लुगड्यानं खांबाला बांधून ठेवायची. पाय सुजून भप्प झाले. कामावर कोण ठेवणार? अन् रात्री ह्या भिंतीतून मला त्याचा आवाज ऐकू यायचा. "ऊठ की रे, देवू... घडीभर ऊठ... पोराला मांडीवर घेऊ दे एकदा..." मी उशीत कान खुपसायचो. पण खरं सांगू का, जिवली आठवली की वाटायचं, तिलाही कुणाला तरी मांडीवर घ्यायचं होतंच की.

शेठचं काय म्हणतोस? काही नाही. मजेत पोहतोय. हौद थेंबभर गळत नाही. नागोरावाचं कामच तसं होतं.

पावसाळा सरता सरता आम्ही त्याला गावी नेला. सगळा रस्ता गाडीच्या दाराशी उभा. गावात भर दुपारी, चौकटीला धरून, उभ्याउभ्याच गेला. झुंबर समोर भाकरी थापत होती. तिला वाटलं, डुलकी लागली.

संध्याकाळी चिता रचली. आगीत प्रेत आखडतं, कधी कधी उठतं, ते मला सांगू नका, मी पुष्कळ पाहिलीत. पण नागोराव उठला तो सावकाश. पाय पुढं घेतले. मांडी घातली. अन् बसला. झुंबरचा भाऊ बांबू घेऊन पुढं झाला, त्याला आडवा पाडायला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "राहू दे. बसू दे त्याला."

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. राख होती, अस्थी होत्या, पण सगळ्या कडेकडेला. मधोमध काही नाही. निखारा नाही, राखेचा कण नाही, माती काळीसुद्धा पडलेली नाही. झाडून घेतल्यासारखी स्वच्छ जागा. केवढी म्हणता?

दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढी.