कॉफी मला आवडत नाही

"पहिलं स्पष्ट दिसतंय, की दुसरं?" त्यानं विचारलं.

"दोन्ही सारखंच."

त्यानं भिंग बदललं. "आणि आता? हे... की ते?"

आणि मला रडूच फुटलं. नाकावर ती जड गोल चौकट, तिच्याखालून गालांवर ओघळणारं पाणी! चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा तो बिचारा घाबरलाच.

"दुखलं का काही?"

"नाही हो... फक्त आता मला काही ठरवायला सांगू नका."

सकाळी सातपासून मी ठरवतच होते. वॉर्डाची मी मुख्य सिस्टर. खिडकीजवळची खाट कुणाला, कुणाची पाळी बदलायची, आधी ड्रेसिंग कुणाचं... सगळे प्रश्न माझ्याच टेबलाशी ठाण मांडायचे. घरी जावं तर आई दारातच, "भाजी कुठली चिरू गं?" आणि धाकटी बहीण, "ताई, मुलाखतीला कुठला ड्रेस घालू?"

त्यानं हलकेच चौकट उतरवली. "तुम्ही काही बोलू नका, सिस्टर. नंबर मशीन सांगेल."

मग भिंतभर लावलेल्या फ्रेम आल्या. तीनशे तरी असतील. त्यानं एक उचलली, माझ्या कानांवर अडकवली, दोन पावलं मागे सरला. बघितलं... जरुरीपेक्षा थोडं जास्तच बघितलं.

"ही," तो म्हणाला.

बस्स! एवढा गोड शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता.

चष्मा मिळाल्यावर आठवडाभरात मी तीनदा त्या दुकानात गेले. तिसऱ्यांदा तो हसला. "सिस्टर, हा स्क्रू आपोआप सैल होत नाही."

"मग कसा होतो?"

"नखानं," माझ्या बोटांकडे बघत तो म्हणाला.

तिथून समोरच्या कॉफीच्या दुकानापर्यंतचं अंतर ते किती! मी बसायच्या आत तो दोन कॉफी सांगून मोकळा व्हायचा. टेबल कुठलं, परतताना रस्ता कुठला, थांबायचं कुठे... सगळं तोच ठरवायचा. मी बिनघोर. त्याच्या शेजारून चालताना मला डोकं आहे हेच विसरायला व्हायचं.

महिन्याभरानं तो सहज म्हणाला, "इथली कॉफी तुम्हाला फारच आवडते ना?"

"छे! कॉफी मला आवडतच नाही." बोलून गेले.

"मग... इतके दिवस?"

"तुम्ही सांगायचात. मला ठरवावं लागायचं नाही. इतकं बरं वाटायचं..."

त्याचं हसू मावळलं. "म्हणजे माझ्या जागी भराभर ठरवणारा दुसरा कोणी असता... तरी चाललं असतं?"

'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं. आणि न आवडणाऱ्या कॉफीचाच घोट घेतला.

"घाई नाही," तो उठत म्हणाला. "पण आता तुमच्यासाठी मी काही ठरवणार नाही."

त्या दिवसापासून माझी पार त्रेधा. वॉर्डात औषधांच्या ट्रॉलीशी मी नुसती उभी राहायची. तो आवडतो, की त्याच्याजवळ मिळणारी विश्रांती? तहानेनं जीव जात असताना पाणी देणारा माणूस देवासारखा वाटतो... म्हणून काय लगेच त्याच्याशी लग्न करायचं? पण मग दुकानाकडे जाणं थांबल्यापासून मी सारखी चष्म्याचा स्क्रू का चाचपतेय?

शेवटी आईला विचारलं, "बाबा तुला कशामुळे आवडले गं?"

"आवडले असं मी कधी म्हटलं?" शेंगा सोलता सोलता आई म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं ताट बाजूला सारलं. "आधी रजा टाक. चार दिवस झोप काढ. भाजी मी माझ्या मनानं चिरते."

मी रजा टाकली. घरात सगळ्यांना सक्त ताकीद... ताईला काही विचारायचं नाही. मी झोपले, जेवले, पुन्हा झोपले. चौथ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा डोकं कसं हलकं झालं होतं. खिडकीत दोन कबुतरं नवराबायकोसारखी भांडत होती. आणि पहिलाच विचार आला, हे त्याला सांगायला हवं.

मी उठले. केसही धड न विंचरता दुकान गाठलं. तो एका आजींना फ्रेम दाखवत होता.

"काय हवंय?" त्यानं परक्यासारखं विचारलं.

"काही नको. चार दिवस झोपलेय. कुणी काही विचारत नाही, मी काही ठरवत नाही. आता तुमची मला गरज नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"गरज नाही... तरी आले. दुसरा कोणी चालला नसता." मी नाकावरचा चष्मा सरळ केला. "लग्न कराल माझ्याशी?"

तीनशे फ्रेममधून क्षणात एक उचलणारा तो... त्यानं स्वतःचा चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "मी... म्हणजे... आत्ता..."

"सावकाश," मी म्हटलं आणि स्टुलावर बसले.

आजींनी आरसा खाली ठेवला. "अरे, हो म्हण की! माझा चष्मा राहिलाय."

"हो," तो आजींना म्हणाला.

"मला काय सांगतोस? तिला सांग."

त्यानं माझ्याकडे बघून सांगितलं.