नऊ पायांची चिंबोरी

चिंबोरीला, म्हणजे खाडीतल्या खेकड्याला, पाय किती? दोन नांग्या धरून दहा. मग सोमवारी सकाळी खारटोकच्या शाळेतल्या भिंतीएवढ्या पडद्यावर झळकलेल्या चिंबोरीला नऊच का?

सातवीतल्या मनवा तांडेलला उत्तर माहीत होतं, कारण ती चिंबोरी तिच्याच वहीतली होती. पण चित्राखाली तिचं नाव नव्हतं. ‘निर्मिती : खारटोक विद्यालय’ एवढंच होतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

ती तडक संगणक-कक्षात गेली. विज्ञानाचे पडवळ सर शाळेचं संकेतस्थळ (इंटरनेटवरची शाळेची जागा) सजवत होते.

“सर, ते चित्र माझं आहे.”

“अगं, म्हणून तर निवडलं! बारा वाजता साऱ्या जगाला दिसेल. तू एक पाय विसरलीस, तेवढा जोडून टाकतो.”

“नाही जोडायचा!”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “वही शाळेची, रंग शाळेचे, तास माझा. मग चित्र कुणाचं गं?”

मनवा जागची हलली नाही.

तेवढ्यात हे बोलणं ऐकून ग्रंथालय सांभाळणारा यंत्रमानव ग्रंथू चाकांवरून घरंगळत आत आला. “सर, तुमच्या कपाटातलं भूमितीचं पुस्तक कुणाचं?”

“या, तुमचीच कमी होती! माझं. विकत घेतलंय.”

“मग त्याच्या हजार प्रती काढून वाटाल?”

“छे! लेखकाला विचारायला नको?”

“म्हणजे कागद एकाचा आणि त्यावरची रचना दुसऱ्याची, असं असू शकतं. त्या दुसऱ्याकडे असतो स्वामित्वहक्क (आपल्या रचनेच्या प्रती कुणी, कुठे काढायच्या हे ठरवण्याचा हक्क). त्यासाठी अर्जही करावा लागत नाही. चित्र कागदावर उतरलं, की हक्क लागू.”

“अरे, पण ती बारा वर्षांची आहे!”

“हक्काला वय नसतं, सर. ती लहान म्हणून परवानगीवर पालकांचीही सही घ्यायची, इतकंच.”

“आणि उद्या दुसऱ्या कुणी चिंबोरी काढलेली चालणार नाही वाटतं?”

“खुशाल काढावी. चिंबोरीला दहा पाय असतात ही माहिती झाली, ती सगळ्यांची. पण मनवानं जशी रेखाटली, ती मांडणी तिची. तिला न विचारता ती बिघडवायची नाही.”

“बिघडवतोय कुठे? सुधारतोय!”

“सर,” मनवा म्हणाली, “डावीकडचा शेवटचा पाय मोठा करून बघा.”

सरांनी चित्र मोठं केलं. पाय नव्हता, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा कोंब होता.

“बाबांच्या जाळ्यात अडकून तिचा पाय तुटला. मी तिला टाकीत ठेवून रोज बघितलं. तिसऱ्या आठवड्यात हा कोंब आला. तिनं कात टाकली, की इथे नवा पाय फुटणार. तुम्ही वर पाय चिकटवलात, तर मी बघितलेलंच पुसलं जाईल!”

सरांनी माऊसवरचा हात काढला.

“आता मनवा,” ग्रंथू म्हणाला, “चित्राशेजारी जे भरती-ओहोटीचं कोष्टक आहे, तेही तूच बनवलंस?”

“ते... मंदाआत्याच्या वहीतून उतरवलं.”

“तिला विचारलंस?”

मनवाचे कान तापले. सर खदखदून हसले. “बोला, मॅडम!”

तिनं तिथूनच आत्याला फोन लावला. “घाल गो बाय,” आत्या म्हणाली, “पण माझं नाव मोठ्या अक्षरांत हवं. दहा वर्षं खाडीवर उभी राहून लिहिलंय मी ते.”

बारा वाजून गेले. संकेतस्थळावर चित्राची जागा कोरीच राहिली. मंगळवारी मनवानं कागद आणला, खाली बाबांची सही होती: ‘शाळेच्या संकेतस्थळावर एक वर्ष ठेवायला परवानगी. चित्र : मनवा तांडेल. कोष्टक : मंदा तांडेल. पाय नऊच.’

पडवळ सरांनी तो दोनदा वाचला, चित्र संकेतस्थळावर लावलं आणि सगळ्या वर्गासाठी तसाच कोरा नमुना तयार केला.

पुढच्या महिन्यात चिंबोरीनं कात टाकली. नवा पाय बारीक होता, फिकट होता, पण होता. मनवाच्या घरी ती बघायला आलेले सर टाकीवर वाकले. “आता तरी जोडू का दहावा?”

“नाही, सर. ते चित्र तसंच राहील. मी नवं काढते.” मनवानं पेन्सिलीला टोक केलं. “ते जगाला दाखवायचं का, ते झाल्यावर सांगेन.”