परत न आलेले सोळा

फूलबागेजवळ उमाजीकाकांचं बाइंडिंगचं दुकान. अवंतिका आपलं पार्सल न्यायला आली आणि शेजारच्या तरुणाच्या प्रबंधाचं पान काउंटरवरून उलटं वाचून मोकळी झाली. डॉक्टरांचं इंग्रजी सुधारणं हा तिचा धंदाच. डोळे ऐकत नाहीत.

"काका, हे बांधू नका."

तरुण वळला. उंच, चेहरा दमलेला, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. अवंतिकेने मनात नोंद केली – चुका दोन. एक शर्टावर, एक पानावर.

"क्यों भई? सोमवारी जमा करायचाय! मी डॉ. पुष्कर. आपण?"

"अवंतिका. इंग्रजी तपासते. इथं लिहिलंय, व्यायामाने एक्क्याण्णव टक्के रुग्णांचे गुडघे सुधारले. कितींपैकी?"

"चव्वेचाळीसपैकी चाळीस."

"मागच्या पानावर तर साठ जण होते."

"सोळा तपासणीला परत आलेच नाहीत."

"मग वाक्यात तसं येऊ द्या – 'परत आलेल्या चव्वेचाळीसपैकी चाळीस'. टक्केवारीला एकटीला बाहेर पाठवू नये, डॉक्टरसाहेब. सोबत घरचं माणूस लागतं."

तो हसला. हसताना बराच बरा दिसत होता. हीसुद्धा नोंद झाली.

"ते सोळा बरे झाले असतील, म्हणून आले नसतील."

"विचारलंत?"

"...नाही."

मग बागेतल्या बाकावर बसून फोन सुरू झाले. अवंतिका फक्त वाक्य पुरं होईपर्यंत थांबणार होती – असं तिने स्वतःला सांगितलं होतं. तिसरा फोन एका आजीबाईंना लागला. स्पीकरवर आवाज खणखणला, "बेटा, दो मंज़िल चढ़ना था, लिफ़्ट बंद! घुटने ठीक होते तो आते ना!"

पुष्करने पुढचा नंबर लावला. उन्हं उतरेपर्यंत दोघांचा एक चहा झाला आणि चौदा जण बोलले. तिघे बरे होते. अकरा जणांचं रडगाणं एकच – गुडघे आणि जिना. दोघांनी फोन उचललाच नाही.

"अठ्ठावन्नपैकी त्रेचाळीस," तो म्हणाला. "चौऱ्याहत्तर टक्के. ज्यांचं जास्त दुखत होतं तेच गळाले की! माझा आकडा खोटा होता."

"खोटा नको. 'वाजवीपेक्षा जास्त दिसत होता' लिहा. आणि ते दोघे सापडले नाहीत, हेही लिहा."

"हे सगळं नव्याने मांडायचं, तर सोमवार जातो. म्हणजे पुढची तारीख सहा महिन्यांनी. पुण्याची ठरलेली नोकरी थोडीच थांबणार..."

असे प्रसंग अवंतिकेने पुष्कळ पाहिले होते. आकडा बदलला की माणसं घड्याळ बघतात. पण आज तिलाच वाईट वाटलं. "नुसतं वाक्य बदललं तरी इंग्रजी बरोबर होईल," ती म्हणाली.

"इंग्रजी तेवढं होईल," तो उठत म्हणाला.

सोमवारी दुपारी तो तिच्या सिटी सेंटरच्या ऑफिसात उभा. "माझ्या गाईडना, सरोजिनी मॅडमना, सांगितलं. म्हणाल्या, सोळाही जणांच्या घरी जाऊन तपास. पुणं गेलं."

"सॉरी," अवंतिका म्हणाली. गिऱ्हाइकाला ती हा शब्द कधी देत नसे.

"सॉरी कशाला? एवढं तपासून द्या." त्याने कागद पुढे सरकवला. इंग्रजीत एकच ओळ होती – तिलाही मी आवडतो, हे सिद्ध झाले आहे.

कानाच्या पाळ्या तापल्या, पण लाल पेन हलला नाही. "पुरावा?"

"सोळा फोन, एक चहा... एक सॉरी."

"एवढ्यावर 'सिद्ध'? निष्कर्ष फार फुगलाय. काढा."

त्याने ओळ खोडली. खाली, जरा थांबत थांबत, दुसरी लिहिली – मला ती आवडते. तिला अजून विचारलेले नाही.

अवंतिकेने ती दोनदा वाचली. पेनला टोपण लावलं.

"आता एकही शब्द बदलायचा नाही," ती म्हणाली. आणि तो कागद उचलायला लागला, तसा त्यावर हात ठेवून – "मग विचारा ना!"