चुकीच्या मापाची कडी

“तुम्ही कधी हसता का हो?”

पैज मैत्रिणींनी लावली होती. तोंडघशी पडायची पाळी भिंगरीची होती. बोटींच्या सामानाच्या दुकानातला तो तरुण कायम एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून बसे, म्हणून कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या या पोरींनी त्याचं नावच एरंडेल ठेवलं होतं. आत्ता दोघी बाहेरून काचेला नाकं चेपून बघत होत्या.

त्याने मान वर केली. “हसतो ना. गिऱ्हाइकाने बरोबर सामान मागितलं, की. काय हवंय?”

आता काहीतरी मागणं भागच होतं. सुदैवाने तिला खरंच हवं होतं. परगावी जाताना मामा आपली छोटी जोडहोडी तिच्या गळ्यात घालून गेला होता... दोन निमुळती धडं, मध्ये ताणलेली जाळी आणि एक डोलकाठी. ती काठी अंगणात आडवी पडून होती. बाबांनी निकाल देऊन टाकला होता : रविवारपर्यंत डोलकाठी उभी राहिली नाही, तर होडी विकायची.

“डोलकाठीच्या तारा अडकवायला कड्या द्या. सगळ्यात जाड... आणि चकचकीत.”

“लग्नाला निघालीय का होडी?” तो म्हणाला. “हलक्या होडीला जड दागिने कशाला? जुनी कडी आणा, माप घेतो.”

“हसला?” बाहेर मैत्रिणींनी विचारलं.

“नाही.”

त्याचे कान मात्र लाल झाले होते. ते तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती जुनी कडी घेऊन गेली. त्याने मोठ्या गांभीर्याने माप घेऊन नवी दिली. घरी त्या कडीची पिन होडीच्या भोकात शिरेचना. बदलून आणली, तर ती खुळखुळायला लागली. परत दुकान. प्रत्येक खेपेला शीड ओढायच्या कप्प्यांवर वाद, दोरांवर चर्चा. एकदा त्याने दोन दोर तिच्या तळहातावरून ओढून दाखवले. “हा टोचतो. हा नाही. भिजल्यावर हाच हातात राहील.”

दोरातलं तिला काही कळलं नाही. मूठ मात्र घरी पोचेपर्यंत मिटलेलीच राहिली.

शनिवारी आणखी एक कडी बसेना, तेव्हा तिचा पारा चढला.

“मापं घेता की चिठ्ठ्या टाकता? उद्या होडी बघायला माणूस येतोय. जाईल ना माझी होडी!”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “विकणार? हे... हे बोलला नाहीत तुम्ही.”

“तुम्ही विचारलंत?”

त्याने खण उघडला. आतून कागदात गुंडाळलेल्या कड्या काढल्या. बरोबर मापाच्या. “या पहिल्या दिवसापासून इथे आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे... तेव्हाच दिल्या असत्या, तर तुम्ही परत कशाला आला असता?”

तिला कडाडून रागवायचं होतं. जमलं, पण अर्धंच. “माझी होडी गेली असती, शहाण्या!”

“चुकलं.” त्याने भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं. “चल. आजच उभी करू.”

अंगणात त्याने डोलकाठी खांद्यावर घेऊन रेटली, तिने समोरची तार ओढून कडीत अडकवली. काठी एकदा डुगडुगली आणि ताठ उभी राहिली. भिंगरी दात-ओठ खाऊन बाजूच्या तारा आवळू लागली.

“इतकं नको गं! काठीला वाऱ्याबरोबर वळायला जागा लागते.”

“तुला कसं कळतं, किती पुरे?”

“हात लावून बघ...”

एकाच तारेवर दोन हात आले. कोणीच काढला नाही.

चहाचे कप घेऊन आई दारात थबकली. मागोमाग बाबा आले. दोघांनी डोलकाठीकडे पाहिलं, मग त्या अनोळखी पोराकडे.

“आई, बाबा,” भिंगरी हात न पुसताच म्हणाली, “उद्याच्या माणसाला नको म्हणून कळवा. होडी मी ठेवतेय. एकटीच्याने ती चालत नाही, म्हणून ह्यालाही.”