चिमटीतला ठोकळा

लाकडाचा ठोकळा. वीतभर लांब, चार बोटं जाड.

अर्धी बादली पाणी.

चौदा फुटांवरची निळी पकड.

मावशीची तक्रार : "भांडी म्हटली की हिचा अंगठा दुखतो."

कानावर पेन्सिल.

या सगळ्याची सांगड बसायला सहा आठवडे लागले.

ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि संध्याकाळी चढाईच्या भिंतीवर लटकायची. घरात तिला पाल म्हणत. संघाची निवड सहा आठवड्यांवर आलेली, आणि पाल दर वेळी त्याच निळ्या पकडीवरून गादीवर आदळत होती. ती पकड उभी आणि जाडजूड — एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं, मध्ये दाबून धरायची.

"बोटं तयार आहेत. अंगठा लाडावलाय," प्रशिक्षक म्हणाले. "एक ठोकळा करून घे. खाली वजन टांग आणि चिमटीत उचल."

ती सुताराच्या दुकानात शिरत होती, तेव्हाच तो एका हाताच्या चिमटीत प्लायवूडची फळी धरून बाहेर येत होता.

"बाजूला व्हा, मला दिसत नाहीये," फळी म्हणाली.

ती हलली नाही. त्याचा अंगठा बघत राहिली.

"कसं जमतं हो तुम्हाला?"

"सोडलं तर पायावर पडतं."

ठोकळ्यासाठी त्याने तिचा पंजा कागदावर ठेवला, कानावरची पेन्सिल काढली आणि बोटाबोटांमधून फिरवली.

"गुदगुल्या होतायत?"

"छे."

होत होत्या.

ठोकळा आला तो आरशासारखा. खाली बादली बांधून दिवसाआड पाच खेपा, प्रत्येक खेप दहा सेकंद. अर्धी बादलीसुद्धा तिसऱ्या सेकंदाला निसटायची. मावशी फरशी पुसून वैतागली. चार आठवडे झाले. पालीने मनातल्या मनात निवडीवर पाणी सोडलं आणि ठोकळा प्रशिक्षकांना दाखवला.

ते हसतच सुटले. "याला पॉलिश कुणी मारलं? हा कोरा ठेवतात गं."

ती तडक सुताराकडे.

"पकडायची वस्तू कुणी गुळगुळीत करतं का?"

त्याचे कान लाल झाले. "मला वाटलं... हाताला टोचू नये."

"माझा चार आठवडे जीव गेला."

त्याने काचकागद घेतला, पॉलिश खरवडून काढलं, दुकानातली बादली काठोकाठ भरून खाली बांधली आणि ठोकळा पुढे केला. तिने उचलला. तो मोजत होता — सात... आठ... नऊ...

"दहा झाले."

"माहीत आहे."

"अगं, मग सोड की."

तिने बादली ठेवली. अहो-जाहो तिथेच संपलं.

निवडीच्या दिवशी निळी पकड हातात राहिली. वरची एक सुटली. संघात ती राखीव म्हणून गेली. राखीव तर राखीव.

तो गादीच्या कडेला उभा होता, बाही भुश्शाने माखलेली.

"आता ठोकळ्याचं काम संपलं?" त्याने विचारलं.

"ठोकळ्याचं संपलं," ती म्हणाली, आणि त्याचा अंगठा चिमटीत धरला.

"किती सेकंद?"

"मोजू नकोस."

गिऱ्हाइकाच्या कामाला तो पॉलिशचे दोन हात द्यायचा. त्या ठोकळ्याला त्याने पाच दिले होते.