आधी माझ्या नाकाला

मुलांनो, जरा डोळे मिटा. मंगळावरची तांबूस माती मनात आणा. तिच्यावर पालथ्या वाडग्यांसारखे सात पारदर्शक घुमट, आणि घुमटांत माणसांची वस्ती. बाहेर श्वास घेण्याजोगी हवा नाही. आतली हवा माणसांनीच तयार केलेली. दिसलं? आता सगळ्यांत छोट्या घुमटात डोकवा. ही बालवाडी.

अकरा मुलं गोल करून बसली होती आणि हातवारे करत गात होती :

हवा गेली गावाला,
वाटी लाव नाकाला,
आधी माझ्या नाकाला,
मग तुझ्या नाकाला!

शकुताई लोंढे ताल धरून टाळ्या वाजवत होत्या. बालवाडी त्यांचीच आणि गाणंही त्यांनीच रचलेलं. शेजारी वसाहतीचे अभियंते हेरंब पालव कागद घेऊन उभे होते.

"पालकसभेचा ठराव आहे, ताई. शेवटच्या दोन ओळी उलट करायच्या. आधी तुझ्या, मग माझ्या. काल घरी पाहुणे आले, तर आमचे चिरंजीव लाडू घेऊन म्हणतात, 'आधी मला!' हिनं कपाळाला हात लावला."

"लाडवाचं गाणं वेगळं करून देते," शकुताई हसल्या. "हे श्वासाचं आहे. मला सांगा, हवा विरळ झाली की पहिल्यांदा काय जातं?"

"विचारशक्ती. अर्ध्या मिनिटात."

"आणि ती गेल्याचं कळतं?"

"छे! उलट फार छान वाटतं. म्हणून तर धोका."

"पण लहानपणी तालावर, हातवाऱ्यांसकट अंगात मुरलेलं असतं ना, ते सर्वांत शेवटी जातं. त्याला मी बालठसा म्हणते. विचार थांबला तरी हात चालतात. आणि जो स्वतःच शुद्धीवर नाही, तो दुसऱ्याला काय वाचवणार?"

"म्हणजे स्वार्थच शिकवायचा?"

"चौथी ओळ आहे की! तिसरीवर कुणाला थांबवत नाही. थांबून बघा, जीव कासावीस होतो."

"ताई, भिंतीवर सूचना आहेत, आपण मोठी माणसं आहोत. सही करा बरं."

तेवढ्यात वर टक् असा आवाज झाला. वाटाण्याएवढा उल्काकण घुमटाला मुठीएवढं भोक पाडून आरपार गेला होता. शीळ वाजावी तशी हवा बाहेर जाऊ लागली. विरळभोंगा ओरडला.

शकुताईंनी खुंटीवरची, प्राणवायू देणारी श्वासवाटी घेतली. हेरंबांनीही घेतली. आणि शकुताईंना एकदम फार बरं वाटलं. या वाटीचं काहीतरी गाणं होतं, आपलंच... कसं बरं होतं? आठवलं ते वेगळंच. आईचा करडा आवाज : आधी पाहुण्याला दे, मग आपण.

त्यांनी वाटी पुढे केली. "घ्या ना. आधी तुम्ही."

"छे छे, ताई," हेरंबांनी आपली वाटी पुढे केली. "तुम्ही वडीलधाऱ्या. आधी तुम्ही."

"असं कसं? पाहुणे तुम्ही."

दोघंही गोड हसत होती. ओठ निळे पडत होते.

आणि इकडे मुलं गात होती. तिसऱ्या ओळीला अकरा नाकांवर गळ्यातल्या अकरा वाट्या बसल्या. चौथ्या ओळीला अकरा जण उजवीकडे वळले. तिथे वाटी होतीच. ओळ पुरी होईना. सहा वर्षांची रेवू उघडं नाक शोधत इकडेतिकडे पाहू लागली. दोन सापडली.

स्टूल ओढून ती शकुताईंपाशी चढली, त्यांच्याच हातातली वाटी त्यांच्या नाकावर दाबली आणि पट्टा ओढला. मग हेरंबांकडे वळली.

"आधी ताईंना..." ते पुटपुटले.

"काका, खाली बसा!"

ते बसले.

दुरुस्तीपथकानं भोक बुजवलं. हवा परत यायला पाव तास लागला. हेरंबांनी ठरावाचा कागद चार तुकडे करून खिशात घातला.

"ताई, गाणं तुमचं. तुम्हीसुद्धा विसरलात?"

शकुताईंनी वाटी पुन्हा खुंटीला अडकवली. "विसरले कुठे? लहानपणचं अगदी चोख आठवलं. हे गाणं रचलं तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते."

"म्हणजे पृथ्वीवर वाढलेल्या आपल्या पिढीचं काय?" हेरंबांनी विचारलं.

रेवू ऐकत होती. तिनं दोघांची बोटं धरली, ओढत नेऊन त्यांना मुलांच्या गोलात मांडी घालून बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिली.

"माझ्यामागून म्हणा," ती म्हणाली. "चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून."