सुरईवरचे ठसे

कच्ची भांडी वाळू नयेत म्हणून ठेवलेल्या ओलसर कपाटात सात पेले होते, दोन ताटल्या आणि एक सुरई. सुरईच्या मानेवर अंगठ्याचे पाच ठसे होते. काल चारच होते.

सुरई कुंभारीण ओंदिनाची. अर्धी पक्षी, अर्धी पाण्याचं भांडं, चोचीतून धार पडणारी. लिस्बनच्या प्रदर्शनात ठेवायची होती. काल्दास गावातल्या या कार्यशाळेत एक नियम होता. दुसऱ्याच्या ओल्या मातीला हात लावायचा नाही. लावला, की चाकावरची जागा गेली.

ती वळली ती थेट गाश्पारवर आदळली. महिन्याभरापूर्वी आलेला नवा कुंभार. केसांत धुक्याचे थेंब.

"सकाळी सकाळी मिठी?"

"अंगठा दाखव."

"लोक हात मागतात. तू अंगठ्यावर भागवणार?"

ती हसली नाही. तो जाऊ नये, असं तिला फार वाटत होतं… म्हणूनच तिने नीट मोजलं. ओल्या मातीत अंगठा जेवढा, ठसा तेवढाच उमटतो. त्याचा अंगठा बावीस मिलिमीटर, ठसा पंचवीस.

"सुटलास."

"अरेरे. आणि तू?"

"माझा अठरा."

"मग हा कुणाचा? इथे तर आपण दोघंच—"

दोघांनीही कपाटाकडे पाहिलं.

संध्याकाळी तिने कपाटाला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली. सकाळी कुलूप तसंच होतं, ठसे सहा. सहावा बोटाला कोमट लागला. तिने प्रदर्शनाची घाई सांगून सुरई वाळवली, आणि वाळताच भट्टीत ठेवली.

भट्टी उघडली तेव्हा गाश्पार शेजारी होता. माती नेहमीसारखीच आकसली होती, शेकडा बारा.

"मी हात लावला नाही," तो हळूच म्हणाला. "पण… रोज जाताना खिडकीशी थांबतो. वाटतं, त्या मानेवर एकदा अंगठा ठेवावा."

"सुरईच्या?"

"आधी सुरईच्या." त्याचे कान लाल झाले. "मग तुझ्या."

ओंदिनाचा हात नकळत स्वतःच्या मानेकडे गेला. तिथे सकाळपासून ऊब होती.

"विचारायचं होतंस, वेड्या."

"विचारतोय."

तिने त्याचा हात धरला, अंगठा भाजलेल्या ठशात ठेवला. मग तो न सोडता दुसऱ्या हाताने मोजपट्टी उचलली.

पंचवीसचा ठसा आकसून बावीस मिलिमीटर. फट शून्य.